सह्याद्रीतील प्रस्तरारोहक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवार-रविवारी पाठीवर दोर टाकून सह्याद्रीतल्या कड्या-सुळक्यांकडे निघणाऱ्या माणसाला लग्नघरात, कार्यालयात आणि पायथ्याच्या गावातल्या पारावर जे प्रश्न हमखास विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मी स्वतः बावीस वर्षे या छंदात आहे. (छंद हा शब्द मला तोकडा वाटतो, परंतु दुसरा शब्द रूढ नाही.) त्यामुळे ही उत्तरे तटस्थ असल्याचा दावा मी करणार नाही.

प्रस्तरारोहण म्हणजे काय? ते ट्रेकिंगपेक्षा वेगळे कसे?

डोंगरवाट जेथे संपते आणि पुढे सरकण्यासाठी हातांवर भार द्यावा लागतो, तेथे प्रस्तरारोहण सुरू होते. मुक्त चढाईत आरोहक केवळ हातापायांच्या बळावर वर सरकतो आणि दोर असतो तो पडल्यास झेलण्यापुरता. कृत्रिम चढाईत खडकातल्या मेखांना किंवा बोल्टना पट्ट्यांच्या लहान शिड्या अडकवून त्यांवर उभे राहत पुढची मेख गाठली जाते. सह्याद्रीतल्या बऱ्याच सुळक्यांवर या दोन्ही पद्धती आलटून पालटून वापराव्या लागतात. मोठ्या धोंड्यांवर दोराशिवाय, खाली जाड गादी अंथरून केलेल्या चढाईला बोल्डरिंग म्हणतात.

ही माणसे कोण असतात? पोटापाण्यासाठी काय करतात?

बँकेत नोकरी करणारे, शाळाशिक्षक, संगणक अभियंते, कारखान्यातले फिटर, दुकानदार आणि महाविद्यालयीन विद्यार्थी असे सर्व थरांतले लोक यात आहेत. आपल्याकडे केवळ चढाईवर घर चालवणारे फार थोडे, आणि जे आहेत ते प्रशिक्षण देऊन, इमारतींवर दोरावरची कामे घेऊन किंवा शिबिरे चालवून चालवतात. मुंबईत १९५४ साली स्थापन झालेल्या ‘गिरिविहार’सारख्या संस्थांपासून गावोगावच्या लहान मंडळांपर्यंत सारा डोलारा अशा नोकरदारांनी सुट्टीच्या दिवसांत, पदरमोड करून उभा केला आहे.

त्यांचा आठवडा शुक्रवारी रात्री सुरू होतो असे म्हटले तरी चालेल. कार्यालयातून थेट स्थानक, शेवटची कसारा किंवा कर्जत लोकल, पुढे ठरवून ठेवलेली जीप, मध्यरात्रीनंतर केव्हातरी शाळेच्या ओसरीवर किंवा देवळात पथारी, आणि झोप लागते न लागते तोच पहाटे चारला चहासाठी पेटवलेला स्टोव्ह. रविवारी रात्री उशिरा घरी पोहोचायचे आणि सोमवारी सकाळी सोललेल्या बोटांनी संगणकाचा कळफलक बडवायचा. बढतीबरोबर येणारी बदली नाकारून पुण्यात किंवा ठाण्यातच राहिलेले तीन जण मला माहीत आहेत, आणि तिघांनीही घरी सांगितलेले कारण मुलांच्या शाळेचे होते.

अमेरिकेत या निष्ठेने निराळे रूप घेतले. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात ‘कॅम्प ४’ नावाचा एक साधा तंबूतळ आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत तेथे तरुण आरोहक महिनोन्‌महिने अत्यल्प पैशांत राहत आणि समोरच्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर वाटा शोधत. यातून एक अख्खी जीवनपद्धती घडली, आणि २००३ साली या तळाची नोंद तेथील राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत झाली. आपल्याकडे आई-वडील, घराचे हप्ते आणि चार भिंतींतली नोकरी सांभाळून हे करावे लागते. या दोहोंत श्रेष्ठ कोण याचा वाद मला निरर्थक वाटतो, परंतु आपल्या आरोहकांनी संसार न सोडता हे वेड जपले आहे, याचा मला अभिमान आहे.

वर जाऊन मिळते काय?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुतेक आरोहक टाळतात. बहुतेक सुळक्यांच्या माथ्यावर पाहण्यासारखे काहीही नसते. चार-सहा माणसे कशीबशी बसतील एवढी जागा, वाळलेले गवत, एखादा भगवा झेंडा आणि तापलेला दगड. तेथे आपण अर्धा तास थांबतो, गूळ-शेंगदाणे खातो आणि उतरण्याच्या तयारीला लागतो. माथ्यासाठीच सारे करायचे असते तर ज्या कड्यांना मागून पायवाट आहे तेथे कोणी समोरून चढलेच नसते. लोणावळ्या-खंडाळ्याजवळच्या नागफणीवर, म्हणजे ड्यूक्स नोजवर, मागच्या बाजूने सहकुटुंब चालत जाता येते, आणि तरीही तिच्या कड्यावर आरोहक पिढ्यान्‌पिढ्या दोर लावत आले आहेत.

जे मिळते ते वाटेत मिळते. नाणेघाटाजवळच्या जीवधन किल्ल्याला लागून वानरलिंगी नावाचा सुमारे साडेतीनशे फुटांचा सुळका आहे. लोक त्याला खडा पारशीही म्हणतात. मी प्रथमच तेथे आघाडीवर चढत होतो, त्या दिवशीचा एक हातभर खडक मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. उजवीकडे, चेहऱ्याच्या जरा वर, तीन बोटांची पहिली पेरे मावतील एवढी खाच होती. तिच्यात वाळलेले गवत आणि कोळ्याचे जाळे होते. मी गवत ओढून काढले, फुंकर मारून माती उडवली, बोटे बसवून पाहिली, काढली, अंगठा बाहेरच्या कडेवर दाबून पुन्हा बसवली. डाव्या पायाला गुडघ्याच्या उंचीवर उताराचा एक फुगवटा होता. त्यावर बुटाचा तळ सपाट टेकवून टाच खाली सोडली, तर पाय टिकतो की घसरतो हे भार दिल्याशिवाय कळणार नव्हते. मी भार दिला आणि पाय टिकला. या साऱ्याला दोन-तीन मिनिटे लागली असतील. तेवढ्या वेळात कार्यालयातला रखडलेला अहवाल, घराचे कर्ज, वडिलांचे आजारपण यांतले काहीही माझ्या मनात नव्हते, आणि ते नव्हते हेसुद्धा मला नंतर, वर पोहोचून स्वतःला अँकरला, म्हणजे खडकातल्या पक्क्या आधाराला, बांधून घेतल्यावर उमगले.

मन असे एका जागी आणण्यासाठी लोक नाना मार्ग धरतात. आमच्यापैकी अनेकांना ते बसल्या जागी साधत नाही. खडकाने भाग पाडले तरच साधते, आणि एकदा साधले की त्याची ओढ सुटत नाही. ही ओढ हेच माझ्या मते प्रस्तरारोहकाच्या आयुष्याचे मूळ कारण आहे. नाव व्हावे, पहिल्या चढाईची नोंद आपल्या नावावर लागावी, मित्रांत मान मिळावा या इच्छाही असतात आणि त्या नाकारण्यात अर्थ नाही; मात्र तेवढ्यावर दहा-वीस वर्षे कोणी पहाटे चारला उठत नाही.

भीती वाटत नाही का? हा जिवाशी खेळ नव्हे का?

भीती वाटते. आपल्या डोंगरभाषेत ‘दृष्टीभय’ हा एक नेमका शब्द आहे. पाय भक्कम जागी असूनही खालची दरी नजरेला पडल्याने जी गाळण उडते, ती या शब्दात येते. सरावाने दृष्टीभय कमी होते, पूर्ण जात नाही, आणि जाऊही नये. सरावलेला आरोहक भीतीला दोन प्रश्न विचारण्यास शिकतो : मी आत्ता पडलो तर नेमके कोठपर्यंत जाईन, आणि तेथे आपटण्यासारखे काय आहे? उत्तर ‘दोन मीटर, आणि खाली मोकळी हवा’ असे असेल, तर भीती वाटत असूनही पुढे जाणे योग्य ठरते. उत्तर ‘खालच्या कंगोऱ्यावर’ असे असेल, तर माघार घेणे योग्य ठरते.

अमेरिकन आरोहक ॲलेक्स होनोल्ड यांनी ३ जून २०१७ रोजी योसेमिटीतील एल कॅपिटनची सुमारे नऊशे मीटरची भिंत दोराशिवाय ३ तास ५६ मिनिटांत चढून पार केली. त्यापूर्वी त्यांच्या मेंदूची तपासणी झाली होती आणि भीतीशी निगडित असलेला अमिग्डाला हा भाग, भयप्रद चित्रे दाखवूनही, फारसा उद्दीपित झाला नव्हता. लोक तेवढेच लक्षात ठेवतात. परंतु ती वाट त्यांनी त्याआधी दोर लावून असंख्य वेळा घोटली होती, अवघड जागांतल्या हालचाली पाठ केल्या होत्या, आणि आदल्या वर्षी एकदा चढाई सुरू करून मन साथ देत नाही असे जाणवताच ती सोडूनही दिली होती. मला त्या विक्रमापेक्षा ती माघार अधिक शिकवून गेली. दोराशिवायची चढाई मी स्वतः करत नाही आणि कोणाला सुचवणारही नाही.

दोर तुटला तर?

चांगला, वेळेवर बदललेला दोर नुसत्या ओझ्याने तुटत नाही. चढाईचा दोर ताणला जाणारा असतो, त्यामुळे पडणाऱ्याला हिसका न बसता तो झेलला जातो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार एकेरी वापराच्या दोराने ८० किलो वजनाचे किमान पाच कठोर धक्के सोसावे लागतात. दोराला खरा धोका असतो तो धारदार कडेचा, वरून सुटलेल्या दगडाचा, उन्हाचा आणि बॅटरीतल्या आम्लासारख्या रसायनांचा. म्हणून दोरावर पाय देणे आमच्यात अक्षम्य मानतात आणि नवख्याला पहिली बोलणी त्याबद्दलच खावी लागतात.

दोराच्या मानाने माणूसच अधिक चुकतो. लिन हिल या जगातल्या सर्वश्रेष्ठ आरोहकांपैकी एक. १९८९ साली फ्रान्समधील ब्यू येथे कंबरेच्या दोराची गाठ पुरी करण्याचे त्यांच्याकडून राहून गेले, आणि वर पोहोचून दोरावर भार टाकताच त्या पंचवीसेक मीटर खाली कोसळल्या. झाडाच्या फांद्यांमुळे जीव वाचला. माझ्या बाबतीत असे एकदा होता होता राहिले. तैलबैल्याच्या भिंतीखाली गाठ बांधताना कोणीतरी पाणी मागितले, मी बाटली दिली, गप्पा झाल्या आणि मी खडकाला हात लावला. माझ्या जोडीदाराने काही न बोलता माझ्या हार्नेसला, म्हणजे कंबरेच्या पट्ट्याला, हात घालून अर्धवट आठाची गाठ माझ्यासमोर धरली. तेव्हापासून मी एकमेकांची गाठ हाताने चाचपल्याशिवाय पाय उचलत नाही, समोर कितीही अनुभवी माणूस असो.

दोराच्या दुसऱ्या टोकाला असलेला माणूस नेमके काय करतो?

तो बिले देतो, म्हणजे चढणाऱ्याच्या गतीप्रमाणे दोर सोडतो किंवा ओढून घेतो आणि पडताक्षणी अडवतो. तासन्‌तास मान वर करून, उन्हात, वरून येणारी माती चेहऱ्यावर घेत त्याला लक्ष ठेवावे लागते. छायाचित्रात तो कधीच येत नाही.

बाहेरच्यांना प्रस्तरारोहण एकट्याचे धाडस वाटते. आतून ते दोघांचे काम आहे. योसेमिटीतली ‘डॉन वॉल’ ही भिंत टॉमी कॉल्डवेल आणि केव्हिन जॉर्गसन यांनी जानेवारी २०१५ मध्ये १९ दिवस भिंतीवरच मुक्काम करून मुक्त चढाईने पार केली. कॉल्डवेल यांच्या डाव्या हाताची तर्जनी २००१ साली करवतीच्या यंत्रात तुटलेली आहे. पंधराव्या टप्प्यावर जॉर्गसन दिवसेंदिवस अडकून पडले, बोटांची कातडी फाटली. कॉल्डवेल पुढे निघून एकटे माथा गाठू शकले असते, इतकी वर्षे त्यांनी त्या भिंतीवर घातली होती. ते थांबले आणि दोघे मिळून वर गेले. बावीस वर्षांत माझे मित्र अनेक झाले, पण डोळे मिटून ज्याच्या हाती दोर देईन असे चौघेच आहेत, आणि त्यांतल्या एकाचे राजकीय मत मला अजिबात पटत नाही.

सह्याद्रीचा खडक कसा आहे?

हा बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. थर आडवे असल्याने उभी भिंत, मग गवताची पट्टी, पुन्हा भिंत अशी रचना जागोजागी दिसते. दोन थरांमधला खडक अनेकदा ठिसूळ असतो. योसेमिटीच्या ग्रॅनाइटसारख्या लांबच लांब स्वच्छ भेगा येथे क्वचित मिळतात. म्हणून सह्याद्रीत शिकलेल्या आरोहकाची एक सवय जन्मभर टिकते : पकड धरण्यापूर्वी तिच्यावर थाप मारून आवाज ऐकायचा. खणखणीत आवाज आला तर भार द्यायचा, पोकळ आला तर ती सोडून दुसरी शोधायची. हम्पीच्या ग्रॅनाइटवर किंवा बदामीच्या वालुकाश्मावर गेल्यावरही आमचे लोक दगड ठोकत बसतात आणि तेथले आरोहक कुतूहलाने पाहतात.

पावसाळ्यात शेवाळ आणि पाण्यामुळे चढाई बंद असते. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी-मार्च हा हंगाम. त्यातही कोणती भिंत कोणत्या वेळी सावलीत असते यावर दिवसाची आखणी होते, कारण तापलेल्या कातळावर बोटे आणि बुटाचे रबर दोन्ही हार मानतात.

आणि आग्या मोहोळ. सह्याद्रीच्या कड्यांवरचा हा माझ्या मते सर्वांत मोठा धोका आहे. जमिनीवरचा माणूस पळू शकतो, दोराला बांधलेला पळू शकत नाही. आदल्या दिवशी दुर्बिणीने भिंत तपासणे, अत्तर न लावणे, धूर आणि आरडाओरडा टाळणे, आणि मोहोळ दिसताच कितीही तयारी झाली असली तरी चढाई रद्द करणे, हे नियम मोडणाऱ्यांसोबत मी जात नाही.

खडकात मेखा आणि बोल्ट ठोकणे योग्य आहे का?

यावर आमच्यात खरोखर मतभेद आहेत. योसेमिटीत हाच प्रश्न फार पूर्वी उभा राहिला. तेथले आरोहक इव्हॉन शुइनार्ड हे स्वतः लोहारकाम करून मेखा बनवत आणि गाडीच्या डिकीतून विकत. त्याच मेखांनी भेगांची चाळण होत असल्याचे पाहून १९७२ साली त्यांनी भेगेत नुसती अडकवून परत काढता येणारी साधने वापरण्याचा पुरस्कार केला. आपल्या बेसॉल्टवर भेगा कमी असल्याने बोल्ट पूर्णपणे टाळता येत नाहीत. माझे मत असे की, बोल्ट गंजरोधक पोलादाचा असावा, कारण चार महिन्यांच्या पावसात साधे लोखंड लवकर खाल्ले जाते. जेथे आधीचा सुस्थितीतला बोल्ट आहे तेथे शेजारी दुसरा ठोकू नये, आणि पूर्वजांनी कोरलेल्या पायऱ्या, खोबण्या, टाकी यांच्या जवळपास तर हातोडी काढूच नये.

गावकऱ्यांना हे सारे कसे वाटते?

आमच्या कितीतरी आधी ही माणसे या कड्यांवर चढत आली आहेत. कर्जत-लोणावळ्याच्या बाजूच्या ढाक बहिरीला कड्याच्या पोटातल्या गुहेत देवस्थान आहे आणि तेथे भाविक अनवाणी, कातळातल्या खोबण्यांत बोटे घालत जातात. मध काढणाऱ्या ठाकर आणि महादेव कोळी कुटुंबांतल्या जाणत्यांना कोणती घळ कोठे निघते हे नकाशापेक्षा अधिक अचूक ठाऊक असते. त्यामुळे आरोहकाने गावात नम्रपणे जावे, चढाईचा दिवस सांगून ठेवावा, देवस्थान असलेल्या सुळक्याची परवानगी मागावी आणि जेवणाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. अपघात झाला तर प्रथम धावून येणारे तेच असतात. त्यांच्या पाठोपाठ लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या बचावपथकांतले स्वयंसेवक येतात.

स्त्रियांना हे जमते का?

हा प्रश्न बंद व्हायला हवा. वर उल्लेखिलेल्या लिन हिल यांनी १९९३ साली एल कॅपिटनची ‘नोज’ ही वाट मुक्त चढाईने पार केली. त्यापूर्वी हे कोणत्याही पुरुषाला जमले नव्हते. पुढच्या वर्षी त्यांनी तीच वाट चोवीस तासांच्या आत पूर्ण केली. आपल्याकडच्या मुलींना अडचण येते ती मुक्कामाच्या सोयीची आणि घरच्या परवानगीची.

कृत्रिम भिंतीवर चढणारे खरे प्रस्तरारोहक का?

होय. २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगच्या विश्वचषक मालिकेतल्या फेऱ्या झाल्या. टोकियो ऑलिंपिकपासून, म्हणजे २०२१ मध्ये झालेल्या स्पर्धेपासून, हा खेळ ऑलिंपिकमध्येही आहे. भिंतीवर वाढलेल्या मुलांची बोटे आमच्यापेक्षा कितीतरी बळकट आहेत. सुट्या दगडाचा आवाज ओळखणे आणि माघारीची वेळ जाणणे मात्र त्यांना बाहेर येऊनच शिकावे लागते.

घरच्यांचे काय?

याचे सोपे उत्तर माझ्याजवळ नाही. आरोहकाची एकाग्रता घरच्यांच्या धास्तीवर उभी असते, हे मान्य केले पाहिजे. आम्ही कड्यावर असतो तेव्हा आम्हाला चिंता नसते. ती त्या वेळी संपूर्णपणे घरी असते. माझ्या आईने कधी अडवले नाही, पण रविवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात दिवा न लावता बसे, असे मला बहिणीने पुष्कळ वर्षांनी सांगितले. तेव्हापासून खाली उतरल्यावर हार्नेस सोडण्याआधी फोन करणे, रेंज नसेल तर गावातल्या एखाद्या माणसाकरवी निरोप पाठवणे, एवढे मी पाळत आलो. ते पुरेसे होते असे मला वाटत नाही.

सुरुवात कोठून करावी?

मान्यताप्राप्त संस्थेच्या शिबिरातून. चित्रफिती पाहून गाठी शिकू नयेत. पहिले वर्ष दुसऱ्याला बिले देण्यात आणि उतरण्याचे तंत्र पक्के करण्यात घालवावे, कारण माझ्या पाहण्यातले अनेक अपघात चढताना नव्हे, तर दमून खाली येताना झाले आहेत. बोटांची घाई करू नये. स्नायू काही महिन्यांत बळकट होतात, बोटांतल्या कंडरांना त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो.

प्रस्तरारोहक कधी थांबतात?

अमेरिकेचे आरोहक फ्रेड बेकी २०१७ साली ९४ व्या वर्षी वारले, आणि नव्वदी ओलांडल्यावरही ते पुढच्या डोंगराचे बेत आखत असत. आमच्यातले बहुतेक साठीच्या आसपास आघाडीवर चढणे सोडतात, पण येणे सोडत नाहीत. ज्यांनी मला बिले देण्यास शिकवले ते काका आता एकाहत्तर वर्षांचे आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना खिंडीच्या वर येता येत नाही. गेल्या हंगामात ते वानरलिंगीच्या पायथ्याला सावलीत बसून दिवसभर दुर्बिणीतून पाहत होते. संध्याकाळी आम्ही उतरलो तेव्हा त्यांनी दोर मागून घेतला आणि टोकापासून टोकापर्यंत, इंच इंच दोन बोटांतून सरकवत, कोठे चेपला आहे का हे तपासत तो गुंडाळला. मधल्या एका जागी ते थांबले, दोरावरचे आवरण किंचित फुगले होते तेथे माझे बोट नेऊन ठेवले आणि म्हणाले, “हा इथे कापून टाक. घरी गेल्यावर विसरशील, आत्ताच काप.”